विमानात आईसाठी जागा आहे का?



एखाद्याचा जीव वाचवला, म्हणजे त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य पूर्ण झाले का? प्रश्न ऐकून कुणी म्हणेल, ‘याहून अधिक काय करायचे? जीव वाचला, देवाचे आभार माना.’ उत्तर बरोबर वाटते. पण नीतिशास्त्रातले कितीतरी अवघड प्रश्न अशा बरोबर वाटणाऱ्या उत्तरांच्या आड दडलेले असतात. आज आपण हा प्रश्न एका दूरच्या प्रदेशात नेऊन तपासून पाहू. तिथे आजारी माणसाला शहरातल्या रुग्णालयात न्यायला रस्ताच नाही. जायचे ते आकाशातून.

रस्ता नसलेला मुलूख

कॅनडातील क्यूबेक प्रांताच्या उत्तरेकडील सुमारे एक तृतीयांश भागाला नुनाविक म्हणतात. हा इनुइट लोकांचा मुलूख. हडसन उपसागर, हडसन सामुद्रधुनी आणि अंगावा उपसागर यांच्या किनाऱ्याने त्यांची चौदा गावे विखुरलेली आहेत. चौदा गावांची लोकवस्ती सगळी मिळून सुमारे १४ हजार. आपल्याकडे एवढी माणसे एखाद्या मोठ्या गावात असतात. एका गावातून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता नाही. दक्षिणेतल्या शहरांशी जोडणारा रस्ता नाही आणि रेल्वेही नाही. उन्हाळ्यात समुद्रावरचे बर्फ वितळले की मालवाहू जहाजे येतात. एरवी औषधे, भाजीपाला, टपाल, शिक्षक, डॉक्टर, सारे विमानाने यायचे आणि विमानानेच जायचे.

इथली ‘एअर इनुइट’ ही विमान कंपनी १९७८ साली स्थापन झाली. ती कुणा बाहेरच्या उद्योगपतीची नाही. इनुइट लोकांनी १९७५ साली सरकारशी आपल्या जमिनीविषयी करार केला. त्यातून माकिविक ही त्यांची सामाईक संस्था उभी राहिली आणि ही विमाने त्या संस्थेच्या मालकीची आहेत. धावपट्टी नसलेल्या जागी जाण्यासाठी ‘नुनाविक रोटर्स’ ही हेलिकॉप्टर सेवा आहे. गावातल्या आरोग्य केंद्रात परिचारिका असतात. दुखणे त्यांच्या हाताबाहेर गेले की रुग्णाला छोट्या विमानाने पुविर्निटुक किंवा कुऊज्जुआक इथल्या लहान रुग्णालयात नेतात. तिथेही भागले नाही, तर प्रांत सरकारचे रुग्णवाहू जेट विमान येते आणि रुग्णाला मॉन्ट्रियलला किंवा क्यूबेक शहरात नेते. कुऊज्जुआक ते मॉन्ट्रियल हे अंतर जवळजवळ दीड हजार किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या हवाई अंतराहून अधिक आहे. हिमवादळ सुटले किंवा धुके उतरले की विमान थांबते आणि विमानाबरोबर रुग्णही थांबतो.

एवढ्या थोड्या लोकांसाठी एवढा मोठा खटाटोप कशाला, असा प्रश्न हिशेबी मन विचारील. त्याचे उत्तर प्रभू येशूने केव्हाच देऊन ठेवले आहे. नव्याण्णव मेंढरे मागे ठेवून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाला कुणी वेडा म्हणत नाही. माणसाची किंमत गर्दीवरून ठरत नसते. विमान गेलेच पाहिजे, यात शंका नाही. आपला प्रश्न त्याच्या पुढचा आहे: विमान कसे गेले आणि कुणाला मागे ठेवून गेले?

आकाशातून आलेली दया

या उत्तरेकडील आकाशात दयेची जी उड्डाणे झाली, त्यांपैकी एक जुने आणि गाजलेले उड्डाण आपल्याच एका धर्मगुरूचे होते. ओब्लेट संघाचे जर्मन मिशनरी फादर पॉल शुल्टे हे पहिल्या महायुद्धातले वैमानिक. १९२५ साली त्यांचे मित्र फादर ओट्टो फुरमान आफ्रिकेत आजारी पडले आणि वेळेवर वाहन न मिळाल्यामुळे रुग्णालयापर्यंत पोहोचू शकले नाहीत. त्यांचा मृत्यू शुल्टे यांच्या जिव्हारी लागला. मिशनऱ्यांना मोटारी, होड्या, विमाने मिळावीत म्हणून १९२७ साली त्यांनी ‘मिवा’ ही संस्था सुरू केली. १९३६ साली हिंडेनबर्ग या हवाई जहाजात त्यांनी आकाशात मिस्सा अर्पण केली. आणि १९३८ साली ते बॅफिन बेटावरच्या आर्क्टिक बे या दूरच्या ठाण्यावर विमान घेऊन गेले. तिथे एक मिशनरी धर्मगुरू गंभीर आजारी होते. त्यांना उचलून त्यांनी चेस्टरफील्ड इनलेटच्या धर्मभगिनींच्या रुग्णालयात आणले.

ही कथा ऐकून आपले मन भरून येते आणि ते योग्यच आहे. पण ख्रिस्ती माणसाने इतिहासाची दोन्ही पाने वाचावीत.

दुसरे पान असे आहे. १९५० च्या दशकात कॅनडाच्या इनुइट लोकांत क्षयरोग थैमान घालत होता. सरकारने ‘सी. डी. हाउ’ नावाचे जहाज पाठवायला सुरुवात केली. जहाज गावागावाच्या किनाऱ्याला लागे, लोकांना वर घेऊन त्यांच्या छातीचे एक्स-रे काढले जात. ज्यांना रोग आढळे त्यांना दक्षिणेतल्या क्षयरोग रुग्णालयांत नेले जाई. निरोप घ्यायला किनाऱ्यावर परत जाऊ देत नसत, असे प्रसंग पुष्कळ घडले. आईचा हात सुटला तो वर्षानुवर्षे सुटलेलाच राहिला. १९५६ साली दर सात इनुइट माणसांमागे एक जण दक्षिणेतल्या रुग्णालयात होता, असे सांगितले जाते. पुष्कळ जण बरे झाले, हे सत्य आहे. त्यांतली काही मुले घरी आली तेव्हा आईची भाषा विसरली होती. काही जण परतलेच नाहीत, आणि त्यांना कुठे पुरले हेही घरच्यांना कुणी कळवले नाही. २०१९ च्या मार्चमध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी इकालुइट इथे जाऊन याबद्दल क्षमा मागितली. आप्तांच्या कबरी शोधण्याचे काम त्यानंतरही चालू राहिले.

इथे दुष्टावा होता का? बहुधा नव्हता. डॉक्टर मेहनत घेत होते, औषध खरे होते. जीव वाचवण्याची इच्छा खरी होती. तरीही अन्याय झाला. योसेफाच्या अस्थी मोशेने मिसर देशातून निघताना आठवणीने बरोबर घेतल्या, असे निर्गमाच्या पुस्तकात आहे. मेलेल्या माणसालाही त्याच्या माणसांत परत न्यायचे असते, हे ज्यांच्या धर्मग्रंथात आहे, त्या आपल्याला हा अन्याय ओळखायला कठीण जाऊ नये.

लेकरू एकटे निघाले

वाटेल, ही जुनी गोष्ट झाली. पण २०१८ सालापर्यंत क्यूबेकमध्ये एक प्रथा चालू होती. नुनाविकमधल्या आजारी मुलाला सरकारी रुग्णवाहू जेट विमानातून दक्षिणेला नेताना आई किंवा वडील यांपैकी कुणालाही बरोबर घेत नसत. मूल दोन वर्षांचे असो की दहा वर्षांचे. आईवडिलांनी मागाहून प्रवासी विमानाने यायचे. ते विमान कधी दुसऱ्या दिवशी मिळे, कधी त्याहून उशिरा. तोवर ते लेकरू मॉन्ट्रियलच्या रुग्णालयात अनोळखी चेहऱ्यांत असे. त्याला येणारी भाषा इनुक्टिटुट. भोवतालची माणसे बोलणार फ्रेंच आणि इंग्रजी. कुठे दुखते, हे सांगायलाही त्याच्याजवळ कुणी नव्हते. आजाराचा इतिहास विचारायला डॉक्टरांसमोर आई नव्हती आणि उपचारांना संमती द्यायला पालक नव्हता.

मॉन्ट्रियलमधले मुलांचे डॉक्टर समीर शाहीन-हुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध आवाज उठवला. २०१८ च्या आरंभी त्यांनी चळवळ सुरू केली. तिच्या नावाचा अर्थ होता, धरायला एक हात. फेब्रुवारीत सरकारने धोरण बदलण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी पालकांना मुलाबरोबर विमानात जाऊ देण्यास सुरुवात झाली. जी गोष्ट वर्षानुवर्षे अशक्य म्हणून सांगितली जात होती, ती काही महिन्यांत शक्य झाली.

आता दुसरी बाजूही नीट ऐकून घेऊ, कारण समोरच्याचे म्हणणे न ऐकता दिलेला निकाल हा न्याय नव्हे. प्रथेच्या बाजूने सांगितली जाणारी कारणे क्षुल्लक नव्हती. विमानात जागा अपुरी. एकाच फेरीत दोन-तीन रुग्ण न्यायचे असतात. यंत्रे, प्राणवायूच्या टाक्या, डॉक्टर, परिचारिका, सारे दाटीवाटीने बसतात. हवेत मुलाची प्रकृती ढासळली आणि आईचा धीर सुटला, तर तिला कोण सांभाळणार? शिवाय उत्तरेतले उड्डाण म्हणजे खेळ नव्हे. शेजारच्या ऑन्टारियो प्रांतात ३१ मे २०१३ रोजी रात्री मूसनी इथून एक रुग्णवाहू हेलिकॉप्टर रुग्णाला आणायला निघाले आणि उडाल्यावर काही क्षणांतच कोसळले. दोन वैमानिक आणि दोन आरोग्यसेवक मरण पावले. अंधारात उडण्याचे त्यांचे प्रशिक्षण आणि तयारी पुरेशी करून घेतलेली नव्हती, असे तपास मंडळाने २०१६ साली अहवालात म्हटले. म्हणजे दयेला नुसता जिव्हाळा पुरत नाही, तिला शहाणपण लागते. संत थॉमस अक्वायनस विवेकाला सर्व नैतिक सद्‌गुणांचा मार्गदर्शक मानतात, ते याचसाठी. सुरक्षिततेच्या नियमांमागे गमावलेली माणसे असतात. ते नियम हसण्यावारी नेऊ नयेत.

तेव्हा युक्तिवाद असा उभा राहतो: आईसाठी जागा ठेवली, तर एखाद्या वेळी दुसऱ्या रुग्णाची जागा जाईल. जीव महत्त्वाचा की सोबत? तत्त्वज्ञानात याला उपयुक्ततावादी हिशेब म्हणतात. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त भले पाहायचे आणि बाकीचे भावनेच्या खाती टाकायचे.

नाइलाज आणि नियम

या युक्तिवादाला आपण काय उत्तर देणार? पहिली गोष्ट मोकळेपणाने मान्य करू. खरोखरच एकच जागा असेल आणि मुलाचा प्राण कंठाशी आला असेल, तर मुलाला एकट्याने पाठवावे. त्यात पाप नाही. कोणतीही आई स्वतःच म्हणेल, ‘मला राहू द्या, त्याला न्या.’ नाइलाज माणसाला दोषी ठरवत नाही.

परंतु नाइलाज ही एक गोष्ट आणि नियम ही दुसरी. नाइलाजात ‘आज जागा नाही’ असे म्हटले जाते. म्हणणाऱ्याला वाईट वाटते आणि उद्या जागा कशी होईल, याचा तो विचार करतो. नियम म्हणतो, ‘जागा नसतेच.’ मग विचार थांबतो आणि वाईट वाटणेही थांबते. पुढे विमान बदलले, खुर्च्या बदलल्या, तरी कुणी नव्याने मोजमाप करून पाहत नाही. ज्यांना एकटे पाठवले जाते ती दूरच्या, वेगळ्या भाषेच्या, थोड्या लोकांची मुले असतील, तर मोजून पाहण्याची निकड कुणालाच वाटत नाही. आमच्या मते अन्यायाची सुरुवात इथे होते. ‘करता येत नाही’ या शब्दांच्या आड ‘करून पाहिले नाही’ हे सत्य लपून बसते. एखादा क्रूर माणूस एका मुलाला रडवील. विचार थांबलेला नियम हजारो मुलांना रडवतो आणि रात्री त्याची झोप मोडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. आईची सोबत ही जीव वाचल्यानंतरची चैन आहे, असे त्या युक्तिवादात गृहीत धरलेले असते. हे गृहीतच तपासायला हवे. माणूस म्हणजे काय? सहाव्या शतकातला विचारवंत बोएथियस याने व्यक्तीची व्याख्या बुद्धीच्या आधारे केली. ती व्याख्या पुढे सर्व धर्मविद्यापीठांत शिकवली गेली. पण पवित्र त्रैक्याचा विचार करताना संत ऑगस्टिन आणि संत थॉमस यांना आणखी काही दिसले. पिता हा पुत्रामुळे पिता आहे, पुत्र हा पित्यामुळे पुत्र आहे; तिथे नाते हे व्यक्तीला बाहेरून चिकटवलेले नाही. अशा देवाच्या प्रतिमेत घडलेला माणूसही नात्यांतच माणूस असतो. म्हणून आईपासून तोडलेले मूल म्हणजे ‘तेच मूल, फक्त आई सोबत नाही’ असे नसते. त्याच्यातला एक भाग आपण मागे ठेवून आलेलो असतो. शरीर पोहोचते, मूल अर्धेच पोहोचते.

याची साक्ष शुभवर्तमानात आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात सभास्थानाचा अधिकारी याईर याची बारा वर्षांची मुलगी मरणोन्मुख असते. प्रभू येशू निघतो. वाटेत तिच्या मृत्यूची बातमी येते. घरी आक्रोश चाललेला असतो. येशू सगळ्यांना बाहेर काढतो. तिथेही जागा थोडी होती, गर्दी नको होती, शांतता हवी होती. पण बाहेर काढताना तो दोघांना काढत नाही. मुलीचे वडील आणि आई यांना तो आपल्या तीन शिष्यांसह खोलीत घेऊन जातो. मग तिचा हात धरतो आणि तिला उठवतो. आणि लगेच सांगतो, हिला काही खायला द्या.

सर्वसमर्थ प्रभूला आईवडिलांच्या मदतीची गरज नव्हती. मुलीला होती. डोळे उघडल्यावर तिला पहिल्यांदा कोण दिसावे, याचाही त्याने विचार केला. चमत्कार मोठाच, पण ही काळजीही त्या चमत्काराचाच भाग आहे.

सर्वांत चांगली मदत

नुनाविकने आपल्याला आणखी एक धडा दिला आहे. तिथल्या गरोदर बायांनाही बाळंतपणासाठी आठवडे-आठवडे आधी विमानाने दक्षिणेला पाठवत असत. घरची मुले मागे, नवरा मागे. बाळ जन्मायचे परक्या शहरात. १९८६ साली पुविर्निटुकच्या स्त्रियांच्या पुढाकाराने तिथल्या रुग्णालयात प्रसूती केंद्र सुरू झाले. इनुइट स्त्रियांनाच सुईणीचे शिक्षण दिले गेले. पुढे १९९८ साली इनुकजुआक आणि २००४ साली सालुइट इथे अशी केंद्रे झाली. फार गुंतागुंतीची बाळंतपणे अजूनही विमानाने जातात आणि गेलीच पाहिजेत. पण हडसन किनाऱ्यावरची बहुसंख्य बाळे आता आपल्या माणसांत जन्मतात.

पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकात एक तत्त्व मांडले होते. लहान समूहाला जे स्वतः करता येते, ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. उलट ते करायला त्याला बळ द्यावे. पुविर्निटुकच्या सुईणींनी हे तत्त्व प्रत्यक्षात आणून दाखवले. चांगले विमान मिळावे ही एक मदत झाली. विमानाची गरजच पडू नये, अशी व्यवस्था उभी राहणे ही त्याहून मोठी मदत आहे.

या सगळ्याकडे बोट दाखवताना आपण आपल्या ख्रिस्तसभेला वगळू शकत नाही. कॅनडातील मूळ रहिवाशांच्या मुलांना आईवडिलांपासून दूर नेणाऱ्या निवासी शाळांत आपल्या संस्थाही होत्या. फादर शुल्टे जिथे रुग्णाला घेऊन गेले, त्याच चेस्टरफील्ड इनलेटमध्ये पुढे अशी एक शाळा चालली आणि तिथल्या मुलांनी सोसलेल्या दुःखांची नोंद झालेली आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस जुलै २०२२ मध्ये इकालुइटला गेले आणि त्यांनी तिथल्या माजी विद्यार्थ्यांची क्षमा मागितली. वय झालेले, गुडघ्याच्या दुखण्याने बेजार झालेले ते पोप चाकाच्या खुर्चीतून एवढ्या दूर गेले. क्षमाही दुरून पाठवता येत नाही, तिच्याबरोबर स्वतः जावे लागते.

बंधुभगिनींनो, आपल्याकडे रस्ते आहेत, रुग्णवाहिका आहेत, फोन केला की गाडी येते. म्हणूनच आपल्याला हा प्रश्न अधिक टोचायला हवा. आपण आपल्या आजाऱ्याला पोहोचवतो की त्याच्याबरोबर जातो? अनामत रक्कम भरली, परदेशातून पैसे पाठवले, चांगल्या रुग्णालयात खाट मिळवून दिली. हे सारे आवश्यक आहे आणि त्याला कुणी कमी लेखू नये. भल्या शोमरोनी माणसानेही उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. पण ते दुसऱ्या दिवशी. पहिली रात्र तो स्वतः जखमी माणसाजवळ राहिला, आणि जाताना परत येईन असे सांगून गेला.

आपल्या प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहात असे एखादे घर असेल, जिथून रुग्णवाहिका निघते तेव्हा तिच्यात बसायला कुणी नसते. मुले दूर असतात, जोडीदार गेलेला असतो, किंवा घरातला एकटा कमावता माणूस कामावर असतो. अशा घराची माहिती समूहाला आधीपासून असावी आणि रात्री बोलावले तर उठून येणारी दोन नावे तिथे ठरलेली असावीत. त्याला पैसे लागत नाहीत आणि विमानही लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना आपण प्रभूचे शरीर घरी नेऊन देतो आणि अखेरच्या वाटेवरच्या माणसाला तेच शिदोरी म्हणून देतो. ज्या वाटेवर आई, बाप, नवरा, मुलगा कुणीच बरोबर येऊ शकत नाही, त्या वाटेवरही ख्रिस्तसभा आपल्या माणसाला एकट्याने जाऊ देत नाही. मग अलीकडच्या वाटेवर, जिथे सोबत करणे आपल्या हातात आहे, तिथे आपण त्याला एकटे कसे सोडावे?

ज्याने याईराच्या घरी आईवडिलांना आत घेतले, तो प्रभू आपल्याला आजाऱ्याच्या उशाशी बसण्याची सवड देवो आणि तशी बुद्धीही देवो.